पेपर सोपा गेला

समाधानला परीक्षेची भीती कधी वाटलीच नव्हती. बार्शीजवळच्या शाळेत सरांनी एकच मंत्र दिला होता, "अडलं की सोडायचं, फुडं जायचं, शेवटाला माघारी यायचं." त्या मंत्राच्या जोरावर गड्याने दहावी काढली, नोकरी सांभाळून इंजिनिअरिंगची डिग्री काढली आणि बहारीनला एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर झाला. पण बाबासाहेब ज्या देशात शिकले तिथे जाऊन एम.एस. करायचं, हे वेड काही डोक्यातून जात नव्हतं. त्यासाठी जीआरई ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागे. त्यात मार्चअखेर कंपनी गाशा गुंडाळणार होती, म्हणजे पगारही बंद आणि व्हिसाही संपणार. यंदा नाही तर कधीच नाही.

गुदैबियाच्या बाजारातून त्याने जुनं गाईड पैदा केलं आणि वर्षभर इंग्रजी शब्द घोकले. गाईड कागदावरच्या परीक्षेचं होतं आणि आता अठ्ठ्याण्णव साली परीक्षा कॉम्प्युटरवर होती. त्याने काय फरक पडतो, असं त्याला वाटलं.

अदलिया भागातल्या परीक्षा सेंटरवर त्याने सूचना भराभर पुढे ढकलल्या. सूचना वाचतो कोण? पहिलाच शब्द अनोळखी निघाला. उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न येईना, म्हणून त्याने काहीतरी ठोकून दिलं. शेवटी परत येऊच की. पुढचे तीन-चारही तसेच ठोकले. मग प्रश्न सोपे होत गेले, अगदी शाळेतल्यासारखे. स्वारी खुशीत आली. शेवटी मागे जायचं बटण शोधलं, तर ते नव्हतंच. पडद्यावर गुण उमटले. विद्यापीठाने मागितलेल्या गुणांच्या ते जवळपासही नव्हते.

"मशीन बिघडलंय," असं तो सेंटर सांभाळणाऱ्या खदिजाला हिंदीत सांगू लागला. "पेपर तो बहुत आसान था!"

खदिजाला त्याची दया आली. "मशीन ऐसाच है, भाई. सही करेगा तो मुश्किल देगा, गलत करेगा तो आसान देगा. पीछे जाना मफी, नहीं होता. खलास."

बिचारा प्रत्येक सोप्या प्रश्नाला मनात हसला होता.

घरी त्याची बायको अक्षता दारातच उभी होती. "कसा गेला ओ पेपर?"

"सोपा," तो म्हणाला. पुढचं सांगायला त्याने तोंड उघडलं, पण तिला धीर कुठला.

"मला ठावंच हुतं!" म्हणत ती आत पळाली. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे तिने मेणबत्ती लावली आणि त्याला हात जोडायला हाक मारली. तो बूटही न काढता उंबऱ्यातच उभा राहिला.