पटवाऱ्याची आत्या

आदिलाबादच्या आमच्या गल्लीत पाहुण्याला बिनसाखरेचा चहा पाजणारं एकच घर होतं, आत्याचं. ती कुणाची सख्खी आत्या नव्हती. तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेली, एकटी राहणारी आणि अख्ख्या गल्लीला दरडावण्याचा हक्क परस्पर घेऊन टाकलेली बाई. तिच्या घरात साखरेचा कण सापडायचा नाही, कारण तिच्या बोक्याला मधुमेह होता.

बोक्याचं नाव पटवारी. घरोघर फिरून आपला वाटा वसूल करतो म्हणून तिनेच ठेवलेलं. कुठे साय, कुठे बासुंदी, आमच्याकडे तर पेढासुद्धा. मग तो सारखं पाणी पिऊ लागला आणि बघता बघता वाळला. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा हात बैल-शेळ्यांवर बसलेला. त्यांनी हैदराबादच्या मित्राला विचारून दोन वेळचं इन्सुलिन सुरू केलं. खाऊ घालायचं आणि मग सुई द्यायची, असं बजावलं.

आत्या लगेच गल्लीत फिरली. तेलुगू शेजारणीला तेलुगूत, शिंप्याला उर्दूत सुनावून झालं. माझ्या बायकोला म्हणाली, "काऊन पेढा चारून राह्यली वं त्याले? तुह्या मायेनंच मरन तो." त्या दिवसापासून आमची बशी बंद झाली.

आत्या पक्की माळकरी, घरात अंडंही नाही. पण पटवाऱ्यासाठी नाकाला पदर लावून ती रोज चिकन उकडायची. वर म्हणायची, "पाप माह्यावर, पोट त्याचं."

एवढं सगळं सांभाळून घोळ केला तो तिनेच. संकष्टीला तिचा चंद्र दिसेपर्यंत कडक उपास. त्या दिवशी चूल पेटली नाही आणि चिकनही शिजलं नाही. उपासाने साखर उतरते, सुईनेही उतरते, मग दोन्ही मिळून दुप्पट गुण येईल असा तिने हिशेब केला आणि उपाशीपोटी सुई देऊन टाकली. थोड्या वेळाने पटवारी लटपटला आणि लुळा पडला. डॉक्टर फोनवर ओरडले, साखरेचं पाणी हिरड्यांना चोळा, ताबडतोब!

घरात साखर कुठली? गल्लीभर साखरेवरून भांडलेली आत्या बोक्याला पदरात धरून दारात आली. "साखर आना वं कोनी," ती म्हणाली, "माहा पटवारी चालला."

वाट्या घेऊन सगळी गल्ली धावली. शिंप्याने पाक केला, माझ्या बायकोने तो बोटाने हिरड्यांना चोळला. पटवाऱ्याने डोळे उघडले तेव्हा आत्या आमच्या सगळ्यांसमोर ढसाढसा रडली. मग पदराने तोंड पुसून शेजारणीला म्हणाली, वाटी घेऊन जा, उगाच त्याच्या नजरेसमोर नको.

पुढे संकष्टीला आधी चिकन शिजायचं, मग गणपतीची पूजा. प्रत्येक वेळी ताटली ठेवून ती त्याच्या पाठीवर हात फिरवायची आणि म्हणायची, "आदी घास, मंग सुई."

गेल्या हिवाळ्यात आत्या झोपेतच गेली. पटवारी आमच्याकडे आला. दोन वेळा ताटलीला तोंड लावलं नाही. दाराकडे बघत बसून राहिला आणि सुई देता येईना. आम्ही घाबरलो. शेवटी मी खाली बसलो, पाठीवर हात ठेवला आणि कसाबसा तिच्या सुरात म्हणालो, "आदी घास, मंग सुई."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून खायला लागला. ताटली रिकामी झाल्यावर मी सुई दिली.