सरस्वतीचा रिपोर्ट कोलशेतला जातो

मी चाळीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. कोपरीच्या बाजारात मासे विकणाऱ्या सरस्वतीने पहिल्याच दिवशी मला सुनावलं, "बाई, पुस्तकातला मासा वेगळा नि पाटीतला वेगळा. मी देते तो घ्या." तेव्हापासून आमचं जमलं.

यंदा तिच्या मानेवर गाठ आली. तीन आठवड्यांत सुपारीएवढीची लिंबाएवढी झाली. घरच्यांनी लेपवाल्याला बोलावलं. हिने त्याला दारातूनच परत पाठवलं आणि एकटी रुग्णालयात जाऊन गाठीचा तुकडा तपासायला देऊन आली. निघाला बर्किट लिम्फोमा. कॅन्सर झपाट्याने वाढणारा, पण वेळेत गाठला तर पुष्कळदा पुरता बरा होणारा. सहा डोस ठरले. दुसऱ्या डोसपर्यंत गाठ चाचपूनही सापडेना, केसही उरले नाहीत.

संकट आलं ते दुसरीकडूनच. तिच्या लेकीचं, दक्षताचं लग्न कोलशेतच्या केतनशी ठरलं होतं. दक्षताने आईचा रिपोर्ट त्याला मोबाइलवर पाठवला आणि त्या शहाण्याने तो घरात मोठ्याने वाचला. गुणसूत्रांत बिघाड, विषाणू सापडला. झालं! त्याची आजी रंगूबाई, जिच्या शब्दापुढे त्या घरात कोणी जात नाही, तिने निरोप धाडला: खानदानात खोट आहे, वर लागणही आहे, साखरपुडा थांबवा.

दक्षता रडत बसली. सरस्वतीने तोंडाला मास्क लावला.

"रडून काय होतंय? बाई, चला कोलशेतला."

"तू गप्प बस, मी समजावते," मी म्हटलं. तिथेच चुकलं.

रंगूबाईने मला स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं, सरस्वतीला कागदाच्या. मी सुरू केलं, आठव्या गुणसूत्राचा तुकडा चौदाव्याला जाऊन चिकटतो, मग पेशीला 'वाढ, वाढ' म्हणणारी कळ बंदच होत नाही...

"मास्तरीण," रंगूबाई म्हणाली, "तुमचं पुरान संपेस्तोवर माझी भाकर करपंल. खोट हाय का नाय, तेवढंच सांगा."

"हाय," सरस्वती म्हणाली. "पन कुठं, ते ऐक. तुझ्या घरची सगळी जाळी एकाच हातानं विणलेली. त्यातलं एक खडकाला लागून फाटलं. मग बाकीची पन फाटकी का?"

"नाय."

"माझं तसंच. जन्मले तेव्हा मी धड होते. मानेच्या गाठीत हे मागाहून झालं. पोटातून पोरीला जात नाय."

"आनि तो वायरस?"

"तो तुझ्यात पन असंल."

रंगूबाई हातभर मागे सरकली. "माझ्यात?"

"तुझ्यात, केतनमधी, या बाईंत. ल्हानपनीच बहुतेकांच्या घशात शिरतो नि जन्मभर गुपचूप पडून राहतो. माझ्यात माजला."

"का माजला?"

"ते शास्त्रालाही अजून पुरतं उमगलेलं नाही," मी म्हटलं. खोटं कशाला सांगू?

"म्हंजे यांना पन समदं ठावं नाय!" रंगूबाईला जरा बरं वाटलेलं दिसलं. "मग ती तोंडाला फडकी कशाला?"

"माझ्यापासून तुम्हाला नाय, तुमच्यापासून मला धोका हाय. डोसनं अंगातली ताकद जाते. तुमचा साधा खोकला मला भारी पडंल." तिने कागदाचा पेला उचलला. "हा दिलास ते बरंच केलंस. आता ऐक. मी पदर पसरायला आले नाय. लग्न करायचं का, ते पोरं ठरवतील. पन खानदानात खोट म्हणून गावात बोललीस, तर हाच रिपोर्ट घेऊन मी दारोदार खरं सांगत फिरंन."

केतन दारातून म्हणाला, "आजी, मी सांगितलंय ना, दक्षताशीच करणार."

"तू गप रे! घरभर वाचून दाखवलास तवा अक्कल कुठं गेलेली?" मग सरस्वतीकडे वळून, "पुढचा डोस कवा?"

"नऊ तारखेला."

"नि ताकद कवा येते?"

"त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस बरे जातात."

रंगूबाईने भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. मुहूर्त तिने बघितलाच नाही.

"साखरपुडा सात तारखेला. अंगनात, मोकळ्या हवेत. मोजकी मानसं, खोकनारा एक पन नको. पन मावरं तूच निवडायचं, दुसऱ्यावर इस्वास नाय माझा."

"कच्च्या मासळीला हात लावायची बंदी हाय मला," सरस्वती म्हणाली. "लांबून वरडायला बंदी नाय."