न फवारलेला वाफा

गव्हावर तांबेरा आलाय हे मला साडीमुळं कळलं. पौर्णिमेची वंदना आटोपून विहारातून परतताना, जाता जाता गहू बघून जावा म्हणून मी रानात शिरले. अहमदपूरच्या रस्त्याला आमचं एक एकर आहे. घरी येऊन पाहते तर पांढऱ्या साडीच्या निऱ्यांवर गुडघ्यापर्यंत नारिंगी भुकटी. झटकली तर आणखीच पसरली. पानावरून नुसतं बोट फिरवलं असतं तरी तिथंच कळलं असतं, पण माझं पानांकडं लक्षच नव्हतं. ओंब्यांत दाणा भरला का, तेवढंच बघत होते.

कारण पुण्याहून लेक येणार होती, सात वर्षांच्या नातीला घेऊन. आजीच्या शेतात ओंब्या भाजून खायच्या, असा त्या पोरीनं हट्टच धरला होता. आठ-दहा दिवसांत दाणा भाजण्याजोगा होणार होता आणि शनिवारही ठरला होता. हे गेल्यापासून लेक माझ्याकडे मुक्कामाला राहिलेली नाही. येते ती सकाळी, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाते.

औषधाचं दुकान माझ्याच एका विद्यार्थ्याचं आहे. चौथीत त्याला पाढे येत नव्हते. आता किती पाण्याला किती औषध, हे तो मला शिकवतो.

"बाई, उद्या सकाळीच मारा. वारं सुटलं की समदं रान तांबडं व्हईल. आन् फवारल्यावर महिनाभर ओंब्या खायच्या न्हाईत हां. बाटलीवर लिव्हलंय."

"अरे, पण माझी नात येणार आहे ओंब्या खायला."

"नातीला पोळ्या खाऊ घाला की, बाई."

मला त्याचा राग आला. बरोबर बोलत होता म्हणून जरा जास्तच.

भरलेला पंप पाठीवर चढवायला दुसरं माणूस लागतं. हे होते तेव्हा ते फवारायचे आणि मी मागून पंप उचलून द्यायची. बाईमाणसानं शिकवावं, औषध मारू नये, असं त्यांचं मत. आता मी त्यांचाच लांब बाह्यांचा सदरा घालते, तोंडाला रुमाल बांधते, पंप विहिरीच्या कठड्यावर ठेवते आणि पाठमोरी उभी राहून पट्ट्यांत हात घालते. पहिल्यांदा तोल जाऊन बसकण मारली होती. हसायलासुद्धा कोणी नव्हतं, म्हणून मग मीही हसले नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं रान फवारलं, पण विहिरीजवळचा एक वाफा सोडला. वारा त्याच बाजूनं येत होता, त्यामुळं औषधाचे तुषार तिकडं जाणार नव्हते. तिथला तांबेरा मात्र उरलेल्या रानावर येणार होता. हे मला कळत नव्हतं असं नाही. वर्गातल्या एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. तरी रात्री फोनवर नातीला सांगितलं, एक वाफा औषध न मारता तुझ्यासाठी ठेवलाय.

शुक्रवारी लेकीचा फोन आला. नातीचं पोहण्याचं काहीतरी निघालं होतं, पुढच्या शनिवारी नक्की. मी बरं म्हणाले. पुढच्या शुक्रवारी जावयांची सुट्टी रद्द झाली. मी पुन्हा बरं म्हणाले. तोवर त्या वाफ्याची खालची पानं करपायला लागली होती आणि शेजारच्या वाफ्यावरही ठिपके दिसू लागले होते.

दुकानवाला एकदा रान बघायला आला.

"बाई, ह्ये काय केलंय? ह्यो वाफा कशापायी ठिवलाय?"

"औषध कमी पडलं."

अर्धी बाटली तिथंच कठड्यावर होती. त्यानं ती पाहिली. निघताना एवढंच म्हणाला, "पंप उचलू लागू का?" मी नको म्हणाले. तो गेल्यावर मात्र फार एकटं वाटलं. उचलू द्यायला हवा होता.

सोमवारी सकाळी मी तो वाफा फवारला. दहा मिनिटांचं काम होतं. हातपाय साबणानं दोनदा धुतले आणि सदरा वेगळा भिजत घातला.

संध्याकाळी नातीचा फोन आला.

"आजी, माझ्या वाफ्याला औषध नाही ना मारलं?"

"आज मारलं, बाळा."

"मग आम्ही आल्यावर काय खायचं?"

"पोळ्या. त्या कधीही आलात तरी मिळतील."

ती रडायच्या बेतात होती. तरी मी समजूत घातली नाही.  मग फोन लेकीनं घेतला.

"आई," ती म्हणाली, "पंप पाठीवर कोण चढवून देतं गं तुला?"

"विहिरीचा कठडा," मी म्हणाले.