पंचेचाळीस आणि एकाहत्तर

म्हाताऱ्याच्या कोटावरची पदके मी माझ्या हाताने काढली. शेवटच्या पदकाची पिन अडकली तेव्हा त्यानेच कोट ताणून धरला, मला सोपे जावे म्हणून. पदके टेबलावर ठेवते न ठेवते तोच समोरच्या खुर्चीतली बाई उठली आणि त्याच्या तोंडावर थुंकली. तो हलला नाही. हात शिवणीला लावून सावधानमध्ये उभा राहिला. थुंकी गालावरून ओघळून कॉलरवर आली तरी त्याने पुसली नाही.

नोकरीत मी रडणारी माणसे पाहिली, शिव्या देणारी पाहिली, पाय धरणारी पाहिली. त्यातली बहुतेक विसरले. हा म्हातारा विसरता येत नाही, म्हणून लिहिते. नावे लिहिणार नाही. तशीही या प्रकरणात नावाने कोणाचे भले झाले नाही.

तेव्हा मी पुण्याच्या पूर्वेकडच्या एका ठाण्यात सहायक फौजदार होते. सातवी पास होऊन भरती झालेली बाई जिथवर पोचते तिथवर पोचले होते, आणि निवृत्ती जवळ आली होती. स्वातंत्र्यदिनाचे झेंडावंदन नुकतेच होऊन गेले होते. खराडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करणारा एक तरुण ठाण्यात आला. बरोबर त्याची आई. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. मांजरी भागातल्या एका सोसायटीच्या झेंडावंदनाचा फोटो होता, व्हॉट्सॲपवर फिरत फिरत त्याच्याकडे आलेला. काठीला टेकून उभा असलेला एक म्हातारा, कोटावर पदके. खाली लिहिले होते, 'श्रीलंकेत लढलेले आपले हवालदार', आणि पुढे नाव आणि पलटण.

"हे नाव माझ्या बाबांचं आहे, मॅडम. पलटणपण त्यांचीच. श्रीलंकेला बाबा गेले होते. त्यांना वारून वर्ष होत आलं. मग हा कोण?"

"चोर आहे," आई म्हणाली. "दुसरं कोण असणार?"

तिने पिशवीतून नवऱ्याचे डिस्चार्ज बुक काढले. लष्करातून सुटताना शिपायाला ते मिळते. कुठे नोकरी केली, कुठे जखम झाली, कोणती पदके मिळाली, सगळे त्यात असते. त्यात श्रीलंका होती. डाव्या मांडीला झालेली जखम होती. परदेशातल्या नोकरीचे पदक आणि जखमेचे पदक, दोन्हींची नोंद होती. पदकेसुद्धा तिने डबीतून आणली होती. सरकारी पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेले असते. ते मी चष्मा पुसून वाचले आणि पुस्तकाशी ताडून पाहिले. जुळत होते.

दुपारी म्हाताऱ्याला ठाण्यात आणले. तो फोटोतला कोट घालूनच आला, पदकांसकट. त्याने स्वतःचे डिस्चार्ज बुक पुढे ठेवले आणि आम्ही चक्रावलो. नाव तेच. पलटण तीच. नंबर मात्र वेगळा. म्हणजे माणूस खरा फौजी होता. पण त्याच्या पुस्तकात श्रीलंका नव्हती आणि जखमही नव्हती. त्याच्या पदकांच्या कडा कोऱ्या होत्या. वर त्याच्या खिशात एका अर्जाची प्रत निघाली. माझी परदेशातली नोकरी आणि दोन पदके पुस्तकात चढवून दुरुस्ती करावी, असा अर्ज त्याने लष्कराच्या कचेरीकडे केला होता. तारीख पाहिली तर बाईचा नवरा वारल्यानंतरची.

आमचे पीएसआय साहेब तरुण होते, पण उतावळे नव्हते. त्यांनी विचारले, "पदकं कुठून आणलीत?"

"कॅम्पातनं. इकत."

"विकत? लष्कराने पदकांचं दुकान काढलंय का?"

"वरनं यायला लई वर्सं लागत्यात, सायेब. तवर समदेच इकत घेऊन लावत्यात."

"समदे लावतात ती त्यांच्या पुस्तकात असतात. तुमच्या का नाहीत?"

"पुस्तक ज्यानं लिवलं त्याला इचारा."

"पायाला काय झालंय?"

"लागलंया."

"कुठे?"

"तिकडंच."

"मग इतकी वर्षं झोपला होतात का? तुमच्या नावाचा माणूस मेल्यावरच अर्ज कसा सुचला?"

साहेबांनी तोच प्रश्न वळवून वळवून विचारला. म्हातारा एकदा खिडकीकडे बघे, एकदा त्या बाईकडे, आणि ओठ मिटून घेई. साहेबांनी पदके जप्त करायला सांगितले. मुद्देमाल होता, मी काढून घेतला. मग ती थुंकली. ते वर लिहिलेच आहे.

मी गोंधळले होते. तोतया माणूस बोलका असतो. त्याच्याजवळ गोष्टी तयार असतात, ऐकणारा मिळाला की तो थांबत नाही. या माणसाजवळ एकही गोष्ट नव्हती. पण खरे बोलणारा माणूस असल्या वेळी आरडाओरडा करतो, वकील आणतो, कोणाच्या तरी ओळखी सांगतो. हा तेही करत नव्हता. कुठल्याच खणात बसत नव्हता.

बाईंनी एक नाव सुचवले. नवऱ्याच्या तेराव्याला पलटणीतले एक सुभेदार आले होते, आता खराडीत एका मोठ्या ऑफिसच्या गेटवर सुरक्षा सुपरवायझर होते. साहेबांनी फोन लावला, नाव सांगितले, हा माणूस तुमच्याबरोबर श्रीलंकेत होता का, म्हणून विचारले. पलीकडून उत्तर आले, "होता म्हणजे? माझ्याच गाडीत होता." साहेबांनी फोन ठेवला. "झालं. ह्यांचे मिस्टरच श्रीलंकेला गेले होते. तोतयेगिरीचा गुन्हा दाखल करायला घ्या." तसे झाले असते तर म्हातारा लॉकअपमध्ये जाणार होता, आणि त्याचा दुरुस्तीचा अर्ज कायमचा फायलीत झोपणार होता.

मी कागद ओढला तेवढ्यात बाहेर भांडण सुरू झाले. आमच्या ठाण्यात एकाच नावा-आडनावाचे दोन शिपाई होते. वडिलांच्या नावाचे पहिले अक्षरही एकच. म्हणून आम्ही त्यांना बक्कल नंबरच्या शेवटच्या आकड्यांनी हाक मारायचो, बारा आणि ऐंशी. बारा लाल होऊन आत आला.

"मॅडम, मुलीला बघायला पाहुणे माझ्या घरी आले, आणि रजेवर गेला हा!"

"मंजूर झाली म्हणून गेलो," ऐंशी मागून म्हणाला. "कागदावर माझं नाव होतं."

"अरे, अर्जात मुलीचं स्थळ लिहिलं होतं! तुला मुलगी आहे का?"

"नाही. म्हणून तर म्हटलं, साहेब किती लांबचा विचार करतात."

सगळे हसले. बाकावर बसवलेला म्हाताराही हसला. त्या दिवसातले त्याचे ते पहिले हसू. "नंबर घालत जावा म्हनावं, बाई," तो मला म्हणाला. "आमच्यात एका नावाची मानसं मायंदाळ. नावानं हाक मारली तर चौघं 'ओ' देत्यात. नंबरानंच बोलवायची पद्धत."

"तुमचा नंबर काय?"

"एकाहत्तर."

मी बाईंना विचारले, "आणि तुमच्या मालकांना काय म्हणायचे?"

"पंचेचाळीस," ती म्हणाली. "तेराव्याला आलेले सुभेदारसुद्धा पंचेचाळीसच म्हणत होते. नाव कुणी घेतलं नाही."

मी साहेबांना बाजूला बोलावले. "साहेब, फोनवर तुम्ही सुभेदारांना नाव सांगितलंत."

"मग दुसरं काय सांगणार?" एवढे म्हणून ते थांबले. बारा आणि ऐंशीकडे बघितले. फोन उचलला आणि परत ठेवला. "फोनवर नको. समोर जाऊन विचारू."

बाई हट्टाने जीपमध्ये बसली. तिला खात्री होती. एकाहत्तर मागे बाकावरच राहिला.

ऑफिसचे गेट म्हणजे काचेची भिंत आणि गाड्यांची रांग. सुभेदार निळ्या गणवेशात शिट्टी घेऊन उभे होते. त्यांनी आधी बाईला पाहिले. "वहिनी? तुम्ही इकडं कुठं?"

साहेबांनी सरळ विचारले. "श्रीलंकेत तुमच्या गाडीत कोण होतं? पंचेचाळीस की एकाहत्तर?"

सुभेदारांनी शिट्टी फुंकून एक गाडी अडवली, तिचा पास नको इतका वेळ तपासला. "साहेब, माझी ड्युटी चालू आहे."

"आमचीपण चालू आहे."

गाडी सोडली. मग ते बाईकडे न बघता म्हणाले, "एकाहत्तर."

"खोटं," बाई म्हणाली.

"वहिनी, पंचेचाळीस भला माणूस होता. पलटण पुढं गेली की सामान सांभाळायला काही माणसं मागं ठेवतात. तो मागं राहिला. त्याची इच्छा नव्हती, हुकूम होता. आम्ही परत आलो तेव्हा स्टेशनवर पेढे घेऊन उभा होता."

"आणि पुस्तकात लिहिलंय ते?"

"कचेरीत एकाच्या पानावरचं दुसऱ्याच्या पानावर चढलं. नाव एकच ना. पंचेचाळीस म्हणायचा, नीट करून घेतो. आज करतो, उद्या करतो. तोवर घरी पदकं पोचली, तुम्ही ओवाळलंत. मग त्याच्यानं झालं नाही."

"एकाहत्तर काहीच बोलला नाही?" मी विचारले.

"मी सांगितलं होतं त्याला, तक्रार कर. तर म्हणे, हा जिवंत हाय तवर ह्याला पोराबाळांपुढं खाली बघाया लावू व्हय? मूर्ख आहे तो. पहिल्यापासून."

जीपकडे येताना साहेब हळूच मला म्हणाले, "हे सगळं तोंडी झालं. एकीकडे लष्कराचं पुस्तक आणि कोरलेली पदकं, दुसरीकडे गेटवरच्या माणसाचा शब्द. जुना दोस्त म्हणून सांगत नसेल कशावरून?" त्यांचे बरोबर होते. मीही तेच म्हटले असते.

मी मागच्या सीटवर बाईशेजारी बसले होते. "तुमच्या मालकांच्या पुस्तकात डाव्या मांडीची जखम लिहिली आहे," मी म्हटले. "आजारपणात त्यांना अंघोळ कोण घालायचं?"

"मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते."

"मग मांडीला व्रण होता का?"

जीप सिग्नलला थांबली, सुटली, पुन्हा थांबली. मी तिला समजावायला गेले नाही. एवढेच सांगितले, "होता म्हणालात तर तसं लिहीन. तो आत जाईल. नव्हता म्हणालात तर तसं लिहीन. सही तुमची असेल, घरी जाऊन झोपायचंही तुम्हालाच आहे."

ठाण्यात आल्यावर ती एकाहत्तरच्या बाकाजवळून पुढे गेली आणि माझ्या टेबलासमोर बसली. मुलगा म्हणाला, "आई, आधी वकिलांना विचारू." तिने त्याला हाताने थांबवले.

"लिहा. त्यांच्या अंगावर कुठं ओरखडासुद्धा नव्हता. लग्न झाल्यापासून नव्हता."

साहेबांनी विचारले, "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी कधी विचारलं नाही."

"का?"

"संसार नीट चालला होता, साहेब. कशाला विचारायचं?"

मुलगा उठून बाहेर गेला. मी जबाब वाचून दाखवला, तिने सही केली. एकाहत्तरला सरकारी दवाखान्यात नेले. डाव्या मांडीच्या एक्स-रेत लोखंडाचे बारीक तुकडे दिसले. डॉक्टर म्हणाले, हे जुने आहेत, आता काढण्यात अर्थ नाही. गुन्हा दाखल झाला नाही. स्टेशन डायरीत तशी नोंद करून मी त्याची विकतची पदके परत केली.

बाईने आपली डबी त्याच्यापुढे सरकवली. "ही तुमची."

"त्यावर पंचेचाळीसचा नंबर हाय," तो म्हणाला. "माजी न्हवंत ती."

"मग मी ह्यांचं काय करू?"

शेवटी साहेब म्हणाले, कचेरीकडे परत पाठवावी लागतील. तिने माफी मागितली नाही. उठताना पदराचे टोक हातात धरून त्याच्या कॉलरकडे बघितले. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वहिनी. वाळली कवाच."

तिचा जबाब, सुभेदारांचे प्रतिज्ञापत्र आणि डॉक्टरांचा दाखला अर्जाला जोडून गेले. पुस्तक दुरुस्त होऊन आले तेव्हा मी निवृत्त होऊन घरी बसले होते. साहेबांनी फोन करून कळवले. एकाच्या पानावर श्रीलंका चढली, दुसऱ्याच्या पानावरून उतरली.

या प्रकरणाने मला काय शिकवले, तर थोडेच. गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवतो, असे आम्ही पोलीस धरून चालतो. ते खरे आहे. पण तो स्वतःचेच लपवत असेल असे नाही, हे मला नोकरी संपता संपता कळले. बाकी गोंधळ अजून आहे. पंचेचाळीसला खोटारडा म्हणावे का, मला ठरवता येत नाही. खोटे त्याने लिहिले नव्हते. फक्त पुसले नाही. आणि त्या बाईचे चांगले झाले की वाईट, तेही सांगता येत नाही. मी तिला भेटायला गेले नाही.

जे नक्की आहे तेवढे लिहिते. श्रीलंकेत एका रस्त्यावर सुरुंगावरून त्यांची गाडी गेली. गाडीतली बाकीची माणसे तिथेच मेली. दोघे वाचले. एक ते सुभेदार, दुसरा एकाहत्तर.