टिपं, कुलूप आणि व्याही

कुलूप कानाशी धरून हलवलं की आत काय बिघडलंय ते किल्लीकाका सांगत. माणसांचं तेवढं जमत नसे. मुलीच्या लग्नानंतर पहिलं वर्षभर ते आणि व्याही रविवारी समोरासमोर बसून पंख्याकडे बघत. व्याही शिंपी, तेही मोजून बोलणारे. मग कळलं की ‘सात कुलपांचा दरवाजा’ ही कादंबरीमाला दोघेही चोरून वाचतात, आणि काकांचा जीव भांड्यात पडला. राजकन्या, ड्रॅगन, दर भागाला एक कुलूप! रविवारची दुपार पुरेना.

परवा सातवा, शेवटचा भाग आला. व्याह्यांनीच कौतुकानं भेट धाडला. त्यात राजकन्या कुलपावर दोन टिपं गाळते आणि कुलूप आपोआप उघडतं. खेळ खलास.

काकांनी तीन दिवस गिऱ्हाइकांचं डोकं खाल्लं. “अहो, टिपं खारट! कुलूप गंजेल, उघडेल कसलं?”

“लेखकाला एक किल्ली करून पाठवा,” काकू म्हणाल्या.

खरी धाकधूक वेगळीच होती. व्याह्यांच्या भेटीला नावं कशी ठेवायची? आणि पुस्तकच संपलं, आता बोलायचं काय? पुन्हा आपला पंखा.

रविवारी व्याही आले.

“छान जमलाय शेवट, नाही?”

“फारच छान.”

पंखा फिरत राहिला.

काकू चहा घेऊन आल्या. “छान? तीन दिवस घर डोक्यावर घेतलंय यांनी!”

काकांनी जीभ चावली. व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला. “अहो, मग आधी बोलायचं ना! सहा भाग नुसता घेर सोडत गेला, आणि कापड संपल्यावर बाह्याच उडवल्या लेकाच्यानं!”

“आणि पाचव्या भागात तळघरात कोंडलेला ड्रॅगन?”

“तिथेच आहे बिचारा! उपाशी!”

चहा गार झाला, पुन्हा गरम झाला, पुन्हा गार झाला. निघताना व्याही म्हणाले, “पण व्याहीबुवा, एखादं हलकं कुलूप टिपांनी उघडतही असेल हं.”

काका ताडकन उठले. वाटीभर पाण्यात मीठ कालवलं, एक जुनं लोखंडी कुलूप त्यात बुडवलं. “पुढच्या रविवारी या. उघडलं तर लेखक खरा, गंजलं तर मी.”

“आणि दोन्ही नाही झालं तर?”

“तर त्याच्या पुढच्या रविवारी,” काका घाईघाईनं म्हणाले.

काकूंनी वाटीत डोकावून पाहिलं. “एवढंसंच? चांगलं मोठं घ्या की. वर्षभर तरी पुरेल.”