त्यानं गाणं थांबवलं

नात हातातून सुटली आणि मागून लोंढा आला. स्टेजपुढच्या लोखंडी कठड्यावर माझी छाती चेपली, श्वास घेता येईना. कारखान्यांत कामाला असलेली पोरं "भावा, भावा!" करत पुढं रेटत होती आणि वर तो गात होता.

तो माझा जुना भाडेकरू. चाकणला आमच्या पत्र्याच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून रॅप करायचा. खिळे मारले म्हणून मी त्याला चांगलं झापलं होतं. आता वाकडला त्याचा स्टुडिओ आहे, स्वतःची म्युझिक कंपनी आहे. इतरांची गाणीही तोच बसवतो, बक्षिसं घेतो. बोलताना मात्र अजून मांडी बडवतो. नातीच्या हट्टापायी आले होते, नाहीतर त्याची गाणी मला आवडत नाहीत. शिव्या फार.

त्या संध्याकाळी त्याच्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाचं शूटिंग चाललं होतं. एकदम त्यानं संगीत बंद करायला लावलं.

"लाईट लावा! मागच्यांनी मागं सरा आन् पंगतीला बसतो तसं बसा."

"गाणं लाव की राव!" कुणीतरी ओरडलं.

"आधी बूड टेक. पुढं माझी जुनी घरमालकीण चेंगरतीय, तिची नात दिसंना. पंगतीतून जो उठंल, त्याला गाणं वाढणार न्हाई."

पोरं हसली, पण बसली. मांडी बडवत त्यानं स्टेजवरूनच मागून पुढं एकेक रांग बसवली. माझ्या पाठीवरचा भार हळूहळू कमी झाला.

शूटिंग वाया गेलं. नात कठड्याखाली सापडली, गुडघे सोलवटलेली. त्या गर्दीतून आम्ही दोघी जिवंत बाहेर आलो.