सुकांतने भाजलेला राब

सुकांत बेहरा ओडिशाचा. हिंजवडीत आठ वर्षं इंजिनियर होता. पगार चांगला, काम खुर्चीवरचं. सुट्टीच्या दिवशी नेऱ्यातल्या भाड्याच्या खोलीतून तो कॅमेरा घेऊन निघायचा. भाताच्या एका वर्षावर त्याला सिनेमा करायचा होता. पैसा स्वतःचा, माणूस एकटा.

कासार आंबोलीच्या चंद्राबाईंनी त्याला शेतात येऊ दिलं. भाताचं रोप जिथे टाकतात, तो राब. उन्हाळ्यात तिथे शेण, डहाळ्या, पालापाचोळा थराथराने रचतात, वर बारीक माती पसरतात आणि भाजतात. डहाळ्यांचे भारे डोंगरावरून डोक्यावर आणावे लागतात. चंद्राबाई दोन महिने ते आणत होत्या.

राब पेटवायची एक रीत आहे. वारा ज्या टोकाला जातो, तिथून काडी लावायची. मग आग वाऱ्याला तोंड देत मुंगीच्या चालीने मागे सरकते आणि खालची माती भाजते. सुकांतला त्यात ज्वाळा दिसेनात, नुसता धूर. चंद्राबाई पाणी आणायला घराकडे गेल्या, तसा तो त्यांच्या मुलाला, किशोरला म्हणाला, "दादा, त्या बाजूने लावा ना. आग मोठी दिसेल."

"आई फोडंल मला."

"मी सांगतो तिला."

किशोरने वाऱ्याच्या तोंडाला काडी लावली. आग धावत सुटली. पाच मिनिटांत वरचा पाला खाक, माती कच्ची. शॉट मात्र देखणा आला.

चंद्राबाईंनी परत येऊन मूठभर माती चोळून पाहिली.

"ह्ये भाजलं व्हय? निस्ती केसं जाळलीत."

"पुन्हा पेटवू, मावशी."

"कशानं? तुझ्या डबड्यानं? आता गवत माजंल अन् रोप खाईल. जा. ते डबडं परत हितं आणू नगंस."

घरी सुकांतने तो शॉट दहादा पाहिला. ज्याला राब ठाऊक नाही, तो फसला असता. सिनेमा तेवढ्यावर पुरा करता आला असता. त्याने तो शॉट पुसून टाकला. आता खरा राब मिळेपर्यंत एक वर्ष थांबायचं होतं, आणि तोही चंद्राबाईंनी होय म्हटलं तर.

जूनअखेर गवत रोपाच्या वर गेलं. सुकांत आठ दिवसांची रजा काढून आला, रिकाम्या हातांनी. चिखलात उकिडवा बसून गवत उपटू लागला.

"इंजिनेर, त्ये भात हाय," चंद्राबाई ओरडल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्याने भात उपटलं नाही. आठ दिवस पाठ मोडली. कॅमेऱ्यावरची बंदी तशीच राहिली.

थंडी सरताना तो न बोलावता डहाळ्या आणायला डोंगरावर गेला. पहिला भारा उतारावर सुटून पसरला. चंद्राबाईंनी तो पुन्हा बांधून दिला. "कमरंनं उचलू नगंस. गुडघ्यातनं ऊठ." फेब्रुवारीअखेर त्याचे एकोणीस भारे खाली आले होते. राब कोणत्या दिवशी भाजायचा, हे वारा ठरवतो. ऑफिसला रजेची तारीख आधी हवी होती. त्याने राजीनामा दिला आणि मार्चपासून रोज सकाळी शेतावर येऊ लागला.

एप्रिलात एका दुपारी चंद्राबाईंनी विचारलं, "डबडं कुटाय?"

"गाडीच्या डिकीत."

"म्हंजी रोज आणतुयास?"

"रोज."

"बरं. लावायचं कुटनं, सांग."

सुकांतने चिमूटभर धूळ सोडली. ती जिकडे उडाली, त्या टोकाकडे बोट केलं. चंद्राबाईंनी गवताचा पेटता चुडा त्याच्या हातात दिला. त्याने कॅमेरा तिवईवर लावला, चालू केला आणि जाऊन राब पेटवला.

आग दोन तास मागे सरकत राहिली. ज्वाळा जेमतेम वीतभर. तो उन्हात उभा राहिला, कॅमेरा एकदाही थांबवला नाही.

राख निवल्यावर चंद्राबाईंनी माती उकरली. चार बोटं खोल तांबूस झाली होती.

"बी टाकायला ये," त्या म्हणाल्या. "डबडं घेऊन."